कमला हॅरिस यांची पात्रता: मोंढ्यातला एक वाद

२०२४ चा ऑक्टोबर सरत आला आहे. येत्या ५ नोव्हेंबरला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान आहे आणि २० नोव्हेंबरला आपल्याकडे विधानसभेचे. लातुरात सध्या आपल्या निवडणुकीविषयी मोकळेपणाने बोलण्याची सोय उरलेली नाही. तोंड उघडले की समोरचा आधी आपले आडनाव आठवतो आणि मगच मत ऐकतो. त्यामुळे असेल कदाचित, पण मोंढ्यातील आमच्या संध्याकाळच्या बैठकीत गेले काही दिवस कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरून मनसोक्त वाद चालू आहे. बैठक भरते ती एका आडतदार मित्राच्या गादीवर, आणि हे मित्र ट्रम्प यांचे कट्टर समर्थक आहेत. बँकेतून निवृत्त झालेले दुसरे एक गृहस्थ दोन्ही उमेदवारांना सारखीच नावे ठेवतात. मी आयुष्यभर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवल्यामुळे माझ्याकडून निवाड्याची अपेक्षा असते, आणि दिलेला निवाडा कोणालाच पटत नाही.

या सगळ्यांत प्रत्यक्ष मताचा अधिकार असलेला माणूस एकच, तो म्हणजे माझा भाचा. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅरी येथे राहतो आणि आता तिथला नागरिक आहे. २०२० साली ट्रम्प यांनी हे राज्य अवघ्या ७४ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले होते. निवडून येण्यासाठी लागणाऱ्या २७० निर्वाचक मतांपैकी १६ मते या राज्याकडे आहेत, आणि ज्या सात राज्यांवर यंदाचा निकाल अवलंबून आहे असे मानले जाते त्यांत त्याची गणना होते. तिथे मतदान केंद्रे १७ ऑक्टोबरपासूनच उघडली आहेत, तरी भाच्याने अजून मत दिलेले नाही. रविवारी फोन आला की तो मला विचारतो, "मामा, हॅरिसला मत द्यायचं तर नेमकं कशासाठी द्यायचं, ते सांगा." हा प्रश्न मला रास्त वाटतो. मी हॅरिस यांच्या बाजूचा आहे. मात्र त्यांच्या बाजूने आपल्याकडे जी कारणे दिली जातात, त्यांतील बहुतेक मला मान्य नाहीत.

सर्वांत आवडते कारण म्हणजे त्या ‘आपल्या’ आहेत. त्यांच्या आई, मूळच्या तमिळनाडूच्या श्यामला गोपालन, १९५८ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी भारतातून बर्कलीला शिकायला गेल्या आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ झाल्या. वडील डोनाल्ड हॅरिस मूळचे जमैकाचे, स्टॅनफर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आजोळच्या तुलसेंद्रपुरम गावातील देवळात त्यांच्या विजयासाठी पूजा झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी पाहिल्या. हे सारे वाचायला छान वाटते, पण उमेदवाराची पात्रता त्यातून ठरत नाही. उद्या आपलेपणाच मोजायचा झाला तर ट्रम्प यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभे असलेल्या व्हॅन्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील आंध्र प्रदेशातून गेलेले आहेत, मग काय करायचे? उमेदवार कोणत्या समाजाचा हे आधी विचारायचे आणि तो काय करणार हे नंतर, किंवा कधीच नाही, या सवयीने गेल्या वर्षभरात आपल्या गावागावांत काय वातावरण केले आहे ते मराठवाड्यातील वाचकाला मी सांगायला नको. ती सवय निदान अटलांटिकपार पाठवू नये.

आडतदार मित्रांचे कारण याच्याच जवळचे आहे. ट्रम्प भारताचे मित्र आहेत, असे ते म्हणतात, आणि पुरावा म्हणून सप्टेंबर २०१९ मधील ह्यूस्टनची सभा आणि फेब्रुवारी २०२० मधील अहमदाबादचे स्वागत यांची आठवण काढतात. त्यांना मी एवढेच सांगितले की, ह्यूस्टनच्या सभेच्या साडेतीन महिने आधी, ५ जून २०१९ रोजी, याच मित्राने भारतीय मालाला अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफीची जुनी सवलत काढून घेतली होती. सभेतील मैत्री आणि कचेरीतील मैत्री यांचे खाते वेगवेगळे असते.

मग पात्रता मोजायची कशावर? माझे म्हणणे असे की, राष्ट्राध्यक्षाला कोणाची परवानगी न घेता जे करता येते, त्यावरच उमेदवाराचा कस लावावा. ज्या गोष्टींसाठी त्याला संसदेच्या तोंडाकडे पाहावे लागते, त्या आश्वासनांना फार वजन देऊ नये. आपल्याकडे पंतप्रधान बहुमतातूनच निवडला जात असल्याने त्याचे विधेयक सहसा अडत नाही. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट किंवा प्रतिनिधिगृह दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती नित्याची आहे, आणि त्या स्थितीत कर, अनुदान, घरबांधणी, आरोग्यविमा यांबाबतची मोठमोठी आश्वासने कागदावरच राहतात. उलट आयातशुल्क, व्हिसाचे नियम, परराष्ट्रधोरण, सैन्याच्या हालचाली, शिक्षामाफी आणि संसदेने केलेल्या कायद्यावरील नकाराधिकार या बाबतींत तो माणूस जवळजवळ एकटाच निर्णय घेतो. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते, पण नाव सुचवण्याचा अधिकार त्याच्याकडेच असतो.

या कसोटीने हॅरिस यांच्या प्रचारातील बरीच आकर्षक कलमे बाजूला पडतात. १६ ऑगस्टला त्यांनी भाच्याच्या घरापासून जवळच, रॅली या शहरात, आपला आर्थिक कार्यक्रम जाहीर केला. पहिले घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलरपर्यंत मदत, बाळ जन्मलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी ६ हजार डॉलरची करसवलत, किराणा मालाच्या किमती अवाच्या सवा वाढवण्यावर देशव्यापी बंदी, ही त्यातील प्रमुख कलमे. यांतील प्रत्येक गोष्टीसाठी कायदा करावा लागेल. (भाच्याचे घर आधीच घेऊन झाले आहे, त्यामुळे पहिल्या कलमावर तो काहीसा नाराजच आहे.) मी यांतील एकही गोष्ट त्यांच्या जमेस धरली नाही, आणि नावेही टाकली नाही.

हातात एकट्याचा अधिकार असताना हॅरिस यांनी तो कसा वापरला, हे पाहायचे तर त्यांच्या सरकारी वकिलीच्या काळाकडे जावे लागते. २००४ पासून त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकील होत्या आणि २०११ ते २०१७ कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्या. तिथे ही पदे निवडणुकीने भरली जातात आणि खटला भरायचा की नाही हा निर्णय त्या व्यक्तीचा असतो. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर मोठ्या बँकांनी नीट कागदपत्रे न तपासता लोकांच्या घरांवर टाच आणली, त्याबद्दल राज्यांची आणि बँकांची एकत्र तडजोड चालली होती. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला येणारी रक्कम तुटपुंजी आहे म्हणून हॅरिस २०११ च्या सप्टेंबरात त्या बोलण्यांतून उठून गेल्या. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये देशभरासाठी २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, तेव्हा त्यांच्या राज्याच्या पदरात आधीच्या प्रस्तावाच्या कितीतरी पट, १८ अब्ज डॉलरच्या आसपास मदत पडली. कर्जदाराच्या बाजूने बसून बँकेशी घासाघीस करणारा अधिकारी किती दुर्मीळ असतो, हे ज्या जिल्ह्यांत सात-बाऱ्यावरील बोजा हा घराघराचा विषय आहे तिथल्या वाचकाला चटकन उमगेल. आमच्या बँकवाल्या गृहस्थांनी मात्र लगेच दुसरी बाजू मांडली आणि ती मांडणे योग्यच होते: त्या मदतीतील मोठा भाग घर टिकवण्यासाठी नव्हता, घर तोट्यात विकून मोकळे होण्यासाठी होता, शिवाय वनवेस्ट नावाच्या बँकेवर खटला भरावा अशी शिफारस २०१३ साली खुद्द हॅरिस यांच्या कार्यालयातील वकिलांनी केली असूनही त्यांनी तो भरला नाही. त्या बँकेचे प्रमुख स्टीव्हन म्नुचिन पुढे ट्रम्प यांचे अर्थमंत्री झाले, हा योगायोग बैठकीत सर्वांनाच आवडला.

माझा निष्कर्ष असा की हॅरिस सावध आहेत, कधीकधी नको इतक्या सावध; पण बोलण्यात पक्क्या आणि कागदाला धरून चालणाऱ्या आहेत. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियातील वादचर्चेत ट्रम्प यांना त्यांनी ज्या पद्धतीने एकेका विषयात गुंतवत नेले, त्यात ही जुनी वकिली स्पष्ट दिसत होती.

भाच्याला जवळचा विषय व्हिसाचा. त्याची पत्नी बरीच वर्षे नोकरदाराची जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर काम करत होती. ही परवानगी ओबामांच्या सरकारने २०१५ साली नियम करून दिली. ट्रम्प यांच्या सरकारने ती रद्द करण्याचा प्रस्ताव आणला, तो काही वर्षे डोक्यावर टांगता राहिला आणि बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला. तिन्ही वेळा संसदेचा संबंध आला नाही. जून २०२० मध्ये ट्रम्प यांनी एका घोषणापत्राने एच-१बी व्हिसावर नव्याने येणाऱ्यांचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबवला होता, तोही एकहाती निर्णय. उलट ग्रीन कार्डावरील प्रत्येक देशासाठीची सात टक्क्यांची मर्यादा, जिच्यामुळे भारतीय अभियंते वर्षानुवर्षे रांगेत उभे आहेत, ती कोणीही राष्ट्राध्यक्ष एकटा हटवू शकत नाही. ही मर्यादा काढण्याचे विधेयक २०१९ साली सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे माइक ली आणि हॅरिस यांनी मिळून मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. यंदा जूनमध्ये ट्रम्प यांनीही अमेरिकी विद्यापीठाच्या पदवीबरोबरच ग्रीन कार्ड मिळावे असे म्हटले, हेही नोंदवले पाहिजे. मात्र त्यांचे बोलणे एका पारड्यात आणि त्यांनी स्वतःच्या सहीने केलेले काम दुसऱ्या पारड्यात टाकले, तर काय जड होते ते उघड आहे.

आता मोंढ्याचा खरा विषय, म्हणजे आयातशुल्क. ट्रम्प यांनी सगळ्या आयातीवर दहा ते वीस टक्के आणि चीनच्या मालावर साठ टक्के शुल्क लावण्याचे जाहीर केले आहे. आडतदार मित्रांचा युक्तिवाद धारदार होता. ते म्हणाले, "सर, पामतेलावर शुल्क वाढवा म्हणून आपणच ओरडत होतो ना? मग ट्रम्पनं आपल्या कारखान्यांसाठी शुल्क लावलं तर तुम्हाला का टोचतं?" याला उत्तर द्यायचे तर आधी आपल्या सोयाबीनकडेच पाहावे लागते.

१४ सप्टेंबरला केंद्र सरकारने कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. अधिभार धरून ते साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. ऐन सणासुदीत तेलाच्या डब्याचा भाव चढला, हे घरोघरी कळले. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यातील सौदे मात्र त्याच्या खालीच निघत आहेत. हे असे का झाले? सोयाबीनमधून तेल निघते साधारण अठरा टक्के. उरते ती पेंड, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात. सोयाबीनचा भाव बराचसा या पेंडीच्या मागणीवर ठरतो, आणि पेंडीला ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका यांच्या स्वस्त मालाशी झुंजावे लागते. त्यात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात शिरल्याने पेंडीची मागणी आणखी उतरली. म्हणजे शुल्क भरले ते आयातदाराने, त्याने ते वसूल केले गिऱ्हाइकाकडून, आणि ज्या शेतकऱ्याच्या नावाने ते लावले त्याच्या हिशेबपट्टीत त्यातील फारच थोडे उतरले. शुल्क लावणे चूक होते असे मी म्हणत नाही; पण शुल्क परक्याच्या खिशातून येते आणि आपल्या माणसाच्या खिशात जाते, हे ट्रम्प ज्या सहजतेने सभेत सांगतात, ते लातूरच्या मोंढ्यात तरी कोणी मानू नये.

अमेरिकी शेतकऱ्याने याची किंमत एकदा मोजलेली आहे. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनवर शुल्क लावले, तेव्हा चीनने त्याच जुलैत अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क बसवले. आदल्या वर्षी चीनला सुमारे १२ अब्ज डॉलरचे सोयाबीन विकणाऱ्या अमेरिकेची विक्री त्या वर्षी तीन अब्जांच्या आसपास आली, आणि चीन ब्राझीलच्या दारात गेला. शेतकऱ्यांना सावरण्यासाठी ट्रम्प सरकारने २०१८ साली १२ अब्ज आणि २०१९ साली १६ अब्ज डॉलरच्या मदतीच्या योजना जाहीर केल्या. आयोवातील शेतकऱ्याला ती मदत मिळाली. त्याच बाजारभावाशी बांधलेल्या औशाच्या किंवा रेणापूरच्या शेतकऱ्यासाठी अशी तरतूद कोणी करणार नव्हते. ट्रम्प यांनी पोलाद आणि ॲल्युमिनियमवर लावलेल्या शुल्काला उत्तर म्हणून भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकेचे बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा आणि मसूर यांवर जादा शुल्क लावले होते. ते २०२३ मध्ये मागे घेतले गेले.

मला खरी भीती वाटते ती याच्या पुढची. ट्रम्प भारताला ‘शुल्काचा राजा’ म्हणतात, आणि त्यांच्या हातात शुल्क हे संरक्षणाचे साधन कमी आणि दुसऱ्याचा दरवाजा उघडण्याचे साधन जास्त असते. तो दरवाजा बहुधा शेतमालाचाच असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. दहा हजारांच्या घरात गेलेला भाव नवा माल बाजारात येईपर्यंत कुठल्या कुठे आला, ते आडतदार मित्रांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. अशी मागणी एखाद्या राष्ट्राध्यक्षाने शुल्काची धमकी देऊन केली, तर दिल्ली किती काळ तग धरील? डेमोक्रॅटिक सरकारेही बाजार उघडा म्हणतात, बायडन यांनीही सफरचंद-अक्रोडांसाठी आग्रह धरलाच. मात्र ते वाटाघाटीच्या टेबलावर, जागतिक व्यापार संघटनेतील खटले मिटवण्याच्या बदल्यात. मित्र यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दबाव टाकणारा माणूस तरी बरा, तो काय करणार ते आधीच सांगतो." या बोलण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

कारण हॅरिस काय करणार हेच त्यांनी पुरेसे सांगितलेले नाही, आणि त्यांच्या बाजूने वाद घालताना माझी सर्वांत जास्त अडचण इथेच होते. ट्रम्प यांच्या शुल्काला त्या विक्रीकर म्हणतात, ते बरोबर आहे; पण चीनवरील ट्रम्प यांची बहुतेक शुल्के बायडन-हॅरिस सरकारने चालूच ठेवली आणि यंदा मे महिन्यात चिनी विजेरी मोटारींवरील शुल्क शंभर टक्के करण्याचे जाहीर केले. त्यातील कोणते शुल्क योग्य आणि कोणते अयोग्य, याचे सूत्र हॅरिस यांच्या तोंडून अजून ऐकायला मिळालेले नाही. खडक फोडून वायू काढण्यावर बंदी घालावी असे त्या २०१९ मध्ये म्हणत होत्या, आता नाही म्हणतात. मत बदलण्यात गैर काही नाही, बदलाचे कारण सांगायला हवे होते. आणि ८ ऑक्टोबरला दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, बायडन यांच्याहून वेगळे काय केले असते असे विचारल्यावर, सुचण्यासारखे काही नाही असे उत्तर त्यांनी दिले. लोक महागाईने त्रासलेले असताना वेगळेपण सांगण्याची संधी समोर चालून आली होती. भाच्याचे मत अडले आहे ते या एका उत्तरावर.

तरीही माझा कौल बदललेला नाही. राष्ट्राध्यक्षाचा सर्वांत मोठा एकहाती निर्णय म्हणजे हरल्यावर खुर्ची सोडणे, आणि २०२० साली ट्रम्प यांनी तो घेतला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी मतमोजणी चालू असलेल्या संसदेवर जमाव चालून गेला, ही घटना त्यांच्या समर्थकांनी कितीही सौम्य शब्दांत सांगितली तरी बदलत नाही. त्यात यंदा १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाला पदाच्या कामांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले आहे. कुंपण असे खाली आले असताना आत कोण जाणार, याला शुल्काहूनही अधिक महत्त्व द्यावे लागते. योगायोगाने येत्या ६ जानेवारीला निर्वाचक मतांच्या मोजणीच्या वेळी उपाध्यक्ष म्हणून पीठासनावर हॅरिसच असतील, निकाल त्यांच्या बाजूने लागो अथवा विरोधात. त्या हरल्या तर विरोधकाच्या विजयाची घोषणा करतील, याबद्दल आमच्या बैठकीत ट्रम्प-समर्थकांनाही शंका नाही.

भाच्याला गेल्या रविवारी मी हे सगळे सांगितले आणि एक गोष्ट त्यात जोडली. उपाध्यक्ष म्हणून हॅरिस यांनी सिनेटमधील समसमान मतांची कोंडी ३३ वेळा फोडली, जो एक विक्रम आहे. औषधांच्या किमतींवर सरकारला बोलणी करू देणारा २०२२ चा कायदाही त्यांच्या ५१ व्या मतानेच झाला. पण त्या निवडून आल्या आणि सिनेट रिपब्लिकनांकडे गेली, तर न्यायाधीशांची नावे सुचवण्याचा अधिकारही त्यांना फारसा वापरता येणार नाही. २०१६ मध्ये ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीसुद्धा रिपब्लिकन सिनेटने घेतली नव्हती. त्यावर तो म्हणाला, "मग मामा, सिनेटचं मतही तिकडंच द्यावं लागेल." अडचण अशी की नॉर्थ कॅरोलायनात यंदा सिनेटची निवडणूकच नाही. ते बहुमत ठरेल मोंटानात आणि ओहायोत, आणि तिथे आमच्यापैकी कोणाचाही भाचा राहत नाही.